ॲम्बॅसडर मार्क ३ : तापणारे फ्यूज, जळकी वायरिंग (प्रकल्प नोंदी, जळगाव)

गाडी : ॲम्बॅसडर मार्क ३, १९७७, पेट्रोल, १४८९ सीसी. मूळ डायनॅमो काढून मागे कधीतरी अल्टरनेटर बसवलेला. रावेरकडची गाडी, वर्षभर केळीच्या मळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असते.

तक्रार : रात्री अर्धा-पाऊण तास चालवली की हेडलाइट पिवळे पडतात, वायपर मंदावतो, डॅशखालून प्लॅस्टिक जळाल्याचा वास येतो. फ्यूज मात्र उडत नाही.

७ एप्रिल

आज काहीही बदलायचं नाही, नुसतं बघायचं. अशा गाडीत सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पहिल्याच दिवशी ‘जरा साफ करून घेऊ’ म्हणून फ्यूज काढून पॉलिश पेपर मारल्याने. जॉइंट हलला की दोष तात्पुरता पळतो आणि मग मोजायला काही उरत नाही.

फ्यूज बॉक्स ल्युकस (जुनी ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनी) पद्धतीचा : दोन काचेचे फ्यूज चालू, दोन स्पेअर. ए१–ए२ वर कायम करंट (तपकिरी वायर आत, जांभळी बाहेर), ए३–ए४ वर चावी फिरवल्यावरचा करंट (पांढरी आत, हिरवी बाहेर). रंग इतके विटलेत की जांभळी आणि तपकिरी वेगळी ओळखू येत नाही. इन्सुलेशन ओल्या फडक्याने पुसून टॉर्चखाली बघावं लागतं.

ए३–ए४ चा फ्यूज काढला नाही, पण डोळ्याला दिसतं ते असं : खालच्या पितळी क्लिपचा रंग निळसर-काळा, बाजूचं बेकेलाइट फुगलेलं, हिरव्या वायरचं इन्सुलेशन टर्मिनलपासून दोन इंच कडक. वरची क्लिप ठीकठाक. म्हणजे उष्णता एकाच टोकाला तयार होते आहे. जास्त करंटमुळे तापलं असतं तर दोन्ही टोकं आणि पुढची वायर लांबपर्यंत सारखी तापली असती.

ए१–ए२ च्या फ्यूजवर कोणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली. ती पाहताक्षणी बॅटरीची मायनस काढली, तार काढून टाकली, नवा फ्यूज घातला. एवढा एकच बदल, कारण अशी गाडी शेडमध्ये उभी ठेवणं धोक्याचं.

फ्यूजवर ‘३५’ छापलेलं असतं त्याबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण बहुतेक जुन्या गाड्या इथेच जळतात. ल्युकसच्या जुन्या पद्धतीत ३५ हा उडण्याचा आकडा. तो फ्यूज सतत वाहू शकतो १७ अँपिअरच्या आसपास. आज काउंटरवर ३५ अँपिअरचा काचेचा फ्यूज मागितला तर बहुधा मिळतो तो सतत ३५ वाहणारा, तो ६०-७० शिवाय लवकर उडणार नाही. मधली हिरवी वायर १४ तारांची, प्रत्येक तार ०.३० मिमी, म्हणजे साधारण १ चौरस मिमी. तिची झेप ८-९ अँपिअर. असा फ्यूज घातला की शॉर्ट झाल्यावर आधी वायर जळते आणि फ्यूज नुसता बघत बसतो.

८ एप्रिल

मोजमाप. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि गाडीच्या वायरवर शून्य दाखवतात, घेताना तपासून घ्या. इंजिन चालू, वायपर चालू, ब्रेक दाबून ठेवलेला, केबिन फॅन चालू.

हिरव्या वायरमध्ये करंट : ११.४ अँपिअर.

आता ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवणारं व्होल्टेज. मीटर व्होल्टवर, दोन्ही पिना एकाच वायरच्या दोन बिंदूंवर, लोड चालू असताना. रेझिस्टन्स मोजून इथे काही कळत नाही. बिनलोड जॉइंट साध्या मीटरला ०.१ ओहम दाखवतो, आणि तेवढं तर मीटरच्या पिनांचंच असतं.

आत येणारी वायर ते वरची क्लिप (रिव्हेट) : ०.०८
वरची क्लिप ते फ्यूजची टोपी : ०.११
फ्यूज स्वतः : ०.०९
खालची टोपी ते खालची क्लिप : ०.३४
एकूण : ०.६२ व्होल्ट

०.६२ गुणिले ११.४ म्हणजे सात वॉट. त्यातले जवळपास चार वॉट एकट्या खालच्या क्लिपमध्ये, नखाएवढ्या पितळात. शेडमध्ये ४१ अंश होते. वीस मिनिटांनी क्लिप ९७ अंशांवर. तापमान मीटरच्या थर्मोकपलने घेतलं. इन्फ्रारेड गन चकचकीत पितळावर हमखास कमी आकडा देते. गनच वापरायची असेल तर आधी काळ्या मार्करने ठिपका द्यावा आणि त्यावर नेम धरावा.

फ्यूज का उडत नाही याचं उत्तर याच आकड्यांत आहे. फ्यूजला फक्त करंट कळतो, आणि करंट ११ च आहे. तापते ती क्लिप. एकदा तापली की पितळाचा ताण मरतो, पकड सैल होते, ऑक्साइड चढतो, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापते. पुढच्या पायरीला फ्यूजच्या टोपीतलं कथील वितळतं (साधारण १८३-१९० अंश) आणि आतली तार सुटते. तो फ्यूज काचेतून शाबूत दिसतो पण सप्लाय बंद. असा ‘अख्खा पण मेलेला’ फ्यूज आढळला की क्लिप बघायची, शॉर्ट शोधत बसायचं नाही. आणि त्या जागी मोठा फ्यूज घालणं हा तर उपायच नव्हे : उष्णता तेवढीच राहते, वर संरक्षण जातं.

११.४ अँपिअर तरी कुठून आले? मूळ गाडीत या फ्यूजवर ब्रेक लाइट (२१ वॉटचे दोन, साडेतीन अँपिअर), इंडिकेटर, वायपर, पेट्रोलचा काटा. नंतर चढवलेलं : केबिन फॅन २.१ आणि टेपचा जोड जवळपास शून्य ते १, आवाजावर अवलंबून. वायपर एकटा ५.६ घेतोय, कोरड्या काचेवर सुद्धा इतका घ्यायला नको. मोटर निरोगी असेल तर अडीच-तीन पुरे. रॅक आणि व्हील बॉक्समधलं (वायपर फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यांतलं) ग्रीस सुकून मेणासारखं झालं असणार. नोंद करून ठेवली, १६ ला उघडू.

९ एप्रिल

हेडलाइट. या वायरिंगमध्ये हेडलाइटला फ्यूजच नाही, त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची रीतच ती. उजेड एकदम जाऊ नये म्हणून. पण त्याचा अर्थ लाइट स्विचपासून पुढे कुठेही शॉर्ट झाला तर अडवणारं कोणी नाही.

बल्ब १००/९० (अप्पर/डिपचे वॉट) निघाले. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी, एका पायाचा कपलर चिकटून बसलेला. डिपवर दोन्ही मिळून १३.२ अँपिअर. इंजिन १५०० आरपीएम :

अल्टरनेटर बी प्लस (करंट बाहेर पडतो तो बोल्ट) १३.८
जुना कंट्रोल बॉक्स १३.४
लाइट स्विचच्या आत १३.२
लाइट स्विचच्या बाहेर १२.५
डिपरच्या बाहेर १२.०
बल्बचा पाय ११.३
बल्बचा अर्थ (करंटची परतीची वाट) ते बॅटरी मायनस ०.७

बल्बला मिळाले १०.६. वाटेत हरवले ३.२ व्होल्ट, म्हणजे ४२ वॉट, आणि ते सगळे स्विच, डिपर, बुलेट कनेक्टर आणि अर्थमध्ये उष्णता होऊन. टंगस्टनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. १२ च्या जागी १०.६ मिळाले की उजेड दोन तृतीयांशच. लोक मग आणखी मोठा बल्ब घालतात, करंट वाढतो, ड्रॉप वाढतो. ९० वॉटचा बल्ब घालून ५५ चा उजेड काढायचा, आणि वर स्विच जाळायचा.

कंट्रोल बॉक्सचं सांगायचं राहिलं. डायनॅमो गेला पण त्याचं चार्जिंग सांभाळणारा ‘कटआऊट’ डबा जागेवर ठेवून नुसता जंक्शन म्हणून वापरलाय. डायनॅमो बावीसेक अँपिअरचा, अल्टरनेटर पस्तीसच्या पुढे देतो. तो सगळा त्या डब्यातल्या जुन्या कॉइलमधून आणि स्क्रूखालून जातो. झाकणाला हात लावला तर चटका.

११ एप्रिल

बॅटरी सुटी करून हार्नेस (वायरींचा जुडगा) उघडला. काय निघालं :

बोनेटच्या डाव्या बाजूला घराच्या वायरिंगची १ चौरस मिमी वायर, पीळ मारून जोड, वरून टेप. एप्रिल-मे मध्ये टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप घसरून जॉइंट उघडा पडतो. घरगुती पीव्हीसी ७० अंशांपर्यंत. बोनेटखाली इंजिन तापल्यावर इथे दुपारी तेवढं गाठलं जातं. घराची वायर ‘कॉपर तर कॉपरच’ म्हणून घालतात. तांब्याला हरकत नाही, हरकत इन्सुलेशनला आहे : उष्णता, पेट्रोल, ऑइल. मोटारीच्या वायरीला आयएस २४६५ चा छाप असतो, तो बघून घ्यावा.

दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं. शेतावरच्या गाड्यांचं हे ठरलेलं.

जळकी वायर किती कापायची? वाकवून बघायचं. इन्सुलेशन पापडासारखं मोडलं की तिथून मागे जायचं, जिथे मऊ लागेल आणि आत तांबं लाल चमकेल तिथपर्यंत. काळं पडलेलं तांबं कथील धरत नाही आणि क्रिम्पमध्येही (दाबून बसवलेल्या जोडात) नीट बसत नाही. हिरव्या वायरचे नऊ इंच गेले, पांढरीचे चार.

वायरीची जाडी ठरवताना ड्रॉपवरून हिशेब केला, ‘किती तापेल’ यावरून नव्हे. एका मीटरला साधारण : १ चौरस मिमी १९.५ मिलिओहम, १.५ ला १३.३, २.५ ला ८, ४ ला ५, ६ ला ३.३. हेडलाइटच्या दहा अँपिअरला चार मीटर वाट धरली तर १ चौरस मध्ये ०.७८ व्होल्ट जातात, २.५ मध्ये ०.३२. तापलेल्या तांब्यात हे आणखी वाढतं, दर दहा अंशांना चार टक्के.

१३ एप्रिल

सामान आणलं.

ऑटो वायर : ६ चौ. मिमी तपकिरी ३ मी., ४ चौ. मिमी तपकिरी ४ मी. आणि काळी ४ मी., २.५ चौ. मिमी निळी-पांढरी, निळी-लाल प्रत्येकी ६ मी., १.५ चौ. मिमी हिरवी ५ मी., ०.७५ (रिलेच्या, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, कॉइलला) ५ मी.
रिले १२ व्होल्ट ३०/४० अँपिअर, चार पायांचे, बेससकट : ३ (एक स्पेअर)
ब्लेड फ्यूज बॉक्स सहा जागांचा, झाकणाचा : १
मुख्य फ्यूज होल्डर, ६० अँपिअरच्या फ्यूजसह : १
बल्ब एच४ ६०/५५, सिरॅमिक होल्डर : २-२
थिंबळ (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), रिंग आणि फिमेल, वायरीच्या मापाचे
हीटश्रिंक, कापडी हार्नेस टेप, रोझिन फ्लक्स

ब्लेड फ्यूज मोकळ्या पिशवीतले घेऊ नयेत, पण खरे-खोटे ओळखायचे कसे? काढलेले १००/९० बल्ब इथे कामी आले. दोन्ही बल्बांचे चारही फिलामेंट एकत्र जोडले की बॅटरीवरून सुमारे ३० अँपिअर. त्यात १५ चा निळा फ्यूज मालिकेत लावला. दुप्पट करंटला चांगला ब्लेड फ्यूज पाच सेकंदांच्या आत उडायला हवा. छापाचा उडाला. बिनमार्कच्या पिशवीतला उडाला नाही, त्याचं प्लॅस्टिक वाकून पायावर ओघळलं. पिशवी केराच्या डब्यात. (चाचणी उघड्यावर, चिमट्यात धरून, पाच सेकंदांवर नको. बल्बही तापतात.)

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती. बंद.

१५ एप्रिल

फ्यूज बॉक्स. पर्याय दोन होते : पूर्ण नवा ब्लेड बॉक्स, नाहीतर जुना दुरुस्त करून त्यावर मूळचाच लोड. दुसरा धरला. जुना बॉक्स दिसायला जागेवर राहतो, आणि नंतर चढवलेलं सगळं नव्या बॉक्सवर.

क्लिपवर फाइल किंवा जाड पेपर नाही. वरचा कथलाचा थर जातो आणि उघडं पितळ महिन्याभरात पुन्हा काळं. व्हिनेगर-मिठात पाच मिनिटं, पाण्याने, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने, कडकडीत सुकवून हलकंसं कथील. निळी पडलेली खालची क्लिप ठेवलीच नाही. तापून ताण गेलेलं पितळ पक्कडीने दाबून आज घट्ट होतं, पण उन्हाळा संपायच्या आत पुन्हा सैल. स्पेअरच्या जागेची क्लिप काढून तिथे बसवली.

रिव्हेट : प्रत्येक रिव्हेटभोवती शंभर वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने कथील वाहू दिलं. रोझिन फ्लक्सच. ॲसिडचं फ्लक्स वापरलं की पावसाळ्यात हिरवट पूड.

पकडीची कसोटी : फ्यूज बसवून बोटाने फिरवायचा. सहज फिरला तर क्लिप नापास.

१६ एप्रिल

वायपरचे व्हील बॉक्स उघडले. ग्रीस खरंच मेण झालेलं, त्यात मळ्याची काळी माती. रॉकेलने धुतलं, नवं लिथियम ग्रीस. ओल्या काचेवर २.९ अँपिअर. केबिन फॅन आणि टेप नव्या बॉक्सवर हलवले. ए३–ए४ वर आता ब्रेक दाबून, वायपर चालू असताना ६.७, इंडिकेटर पेटताना दहाच्या जवळ. फ्यूज : आजच्या पद्धतीचा १५. सतत चालणारा लोड फ्यूजच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवायचा, आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच.

१७ आणि १८ एप्रिल

रिले. डिपसाठी एक, अप्परसाठी एक. पाय ३० ला थेट सप्लाय ४ चौरस मिमी. ८७ वरून २.५ चौरस बल्बकडे, वाटेत ब्लेड बॉक्स. ८५ अर्थ, ८६ ला डिपरकडून आलेली जुनी वायर. कॉइल जेमतेम १५०-१८० मिलिअँपिअर घेते. १३ अँपिअर झेलणारा लाइट स्विच आता आरामात. स्विचचे कॉन्टॅक्ट मात्र एकदा स्प्रेने धुऊन घ्या. जास्त करंट असला की ठिणगी स्वतःच मळ जाळते, थोड्या करंटला तो मळ अडवतो.

फ्यूज प्रत्येक फिलामेंटला वेगळा, १० अँपिअर लाल : डावा डिप, उजवा डिप, डावा अप्पर, उजवा अप्पर. एक उडाला तर दुसरा दिवा राहतो. ब्रिटिशांची उजेड न जाण्याची काळजी अशी निभावते. उरलेल्या दोन जागा फॅन आणि टेपला.

रिले उभे, पाय खाली, एक्झॉस्टच्या बाजूपासून लांब. पाय वर ठेवले की धूळ आणि धुण्याचं पाणी आत साठतं.

अल्टरनेटरचा बी प्लस ते स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीच्या बोल्टपर्यंत ६ चौरस मिमी, मध्ये ६० चा फ्यूज बॅटरीच्या बाजूला. कंट्रोल बॉक्स आतून मोकळा केला. डबा जागेवर आहे, शोभेला. आतल्या वायरी एका जाड बोल्टवर रिंग थिंबळने एकत्र, बॉक्सच्या कॉइलमधून एकही अँपिअर जात नाही.

क्रिम्प रॅचेटच्या चिमट्याने. साध्या पक्कडीने दाबलेलं थिंबळ हाताने ओढलं की निघतं. प्रत्येक जोड जोरात ओढून बघितला. क्रिम्प केल्यावर वर कथील ओतायचा मोह टाळायचा : कथील तारांमध्ये वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

१९ एप्रिल

आखाजी. बंद.

२० एप्रिल

अर्थ. निम्मे दोष इथेच असतात आणि बघतात सगळे शेवटी. दोन्ही हेडलाइटचे अर्थ पत्र्याच्या स्क्रूवर होते, रंगावरून. रंग घासून उघडा पत्रा, दातेरी वॉशर, बोल्ट, वर पेट्रोलियम जेली, आणि ४ चौरसची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनस बोल्टपर्यंत.

इंजिन ते बॉडी पट्टी : सेल्फ मारताना बॅटरी मायनस ते इंजिन ब्लॉक १.४ व्होल्ट. ०.३ च्या आत हवं. पट्टीचे निम्मे धागे तुटलेले. अशा वेळी सेल्फचा करंट परत यायला दुसरी वाट शोधतो, चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि केबल लाल होईपर्यंत तापते. चोकची केबल जळकी आढळली तर चोकला दोष देऊ नका. नवी पट्टी, २५ चौरसची. आता ०.१८.

२१ एप्रिल

दुपारी अडीचला, बाहेर ४३ अंश, बोनेट बंद, अर्धा तास सगळं चालू.

ए३–ए४ चा एकूण ड्रॉप ०.०९ व्होल्ट, क्लिप ५६ अंश
बल्बला डिपवर १३.२ व्होल्ट (अल्टरनेटर १३.८)
हेडलाइटचा अर्थ ०.०६
६ चौरसच्या वायरचा ड्रॉप २६ अँपिअरला ०.१४
लाइट स्विच हाताला कोमट

५५ वॉटचा उजेड आधीच्या ९० पेक्षा स्पष्ट जास्त. मालकांनी बल्ब लहान केल्याबद्दल आधी कुरबूर केली होती, भिंतीवर उजेड पाडून दाखवल्यावर गप्प.

२२ एप्रिल

रात्री पाळधी–एरंडोल–पारोळा रस्त्याने जाऊन-येऊन, वायपर मुद्दाम चालू, काचेवर पाणी. थांबल्या-थांबल्या बॉक्सला हात : कोमट. वास नाही.

बाकी राहिलेलं :
हॉर्न अजून जुन्याच वाटेने, जांभळ्या वायरवर, जोडी ८ अँपिअर घेते. त्यालाही रिले लावायचा.
मागच्या दिव्यांच्या बुलेट कनेक्टरचे रबर कडक झालेत, डिकीतल्या हार्नेसचा भाग उघडलेला नाही. तिथे लोड थोडा, घाई नाही.
उंदरांसाठी हार्नेसला नळीचं कवच, मळ्यात गाडी जाण्याआधी.
जूनच्या पहिल्या पावसानंतर ए३–ए४ चा ड्रॉप पुन्हा घ्यायचा. ०.१५ च्या वर गेला तर क्लिप पुन्हा उघडायची. आकडे झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलेत.